बँकेच्या लिलावातून सदनिका घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थकलेल्या कर्जापोटी बँकेने विक्रीला काढलेले घर घ्यावे का, असे विचारायला येणारे बहुतेक लोक एकच हिशेब मांडतात : शेजारच्या इमारतीत तेवढेच घर ५२ लाखांना गेले आणि इथे राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली बोली स्वीकारली जात नाही ती रक्कम, ४० लाख आहे. मीही हाच हिशेब करून डोंबिवलीतील एका सदनिकेसाठी बोली लावली. ती मंजूर झाली, पूर्ण रक्कम मुदतीत भरली, आणि त्यानंतर घराची किल्ली हातात पडायला अकरा महिने लागले. तेव्हापासून ओळखीतले लोक जे प्रश्न विचारत आले आहेत, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. ती महाराष्ट्रातील निवासी सदनिकांपुरती आहेत. प्रत्येक मालमत्तेची कागदपत्रे वेगळी असतात, त्यामुळे बोली लावण्यापूर्वी ती वकिलाला दाखवावीतच.

हा लिलाव कोणत्या कायद्याखाली होतो? न्यायालयात न जाता बँक एखाद्याचे घर कसे विकू शकते?

बहुतेक लिलाव २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होतात. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे ‘एनपीए’, ठरते. मग बँक कलम १३(२) खाली ६० दिवसांची मागणी नोटीस काढते, त्या मुदतीत कर्ज फिटले नाही तर कलम १३(४) खाली तारणाचा ताबा घेते, ताब्याची सूचना दोन वर्तमानपत्रांत (त्यांतले एक स्थानिक भाषेतले) छापते, मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत काढून घेऊन राखीव किंमत ठरवते आणि लिलाव पुकारते. दिवाणी न्यायालयाला कलम ३४ ने या सगळ्यातून बाहेर ठेवले आहे. कर्जदाराला दाद मागायची असेल तर ती कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे बोलीभाषेत ‘डीआरटी’कडे मागावी लागते. मुंबईत अशी तीन न्यायाधिकरणे आहेत. पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही आहेत.

म्हणजे बँकेला आधी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही, एवढेच. नंतर ती चढावी लागणार नाही, असे मात्र कोणीही समजू नये, आणि तो वाद सुरू झाला की खरेदीदारही त्यात ओढला जातो.

अमेरिकेत राहणारे नातेवाईक ‘शॉर्ट सेल’मध्ये घर घेतल्याचे सांगतात. तो हाच प्रकार आहे का?

नाही. तिथे शॉर्ट सेलमध्ये घराचा मालक स्वतःच घर विकतो. मात्र येणारी किंमत कर्जाच्या थकबाकीपेक्षा कमी असल्यामुळे कर्ज देणाऱ्या संस्थेची संमती लागते, आणि घरावर दुसरे कर्ज असेल तर त्या संस्थेचीही. मालक तयार, खरेदीदार तयार, आणि बँकेचे उत्तर महिनोन्‌महिने येत नाही, हे तिथले रडगाणे आहे. आपल्या लिलावात विक्रेता बँकच असते, म्हणून संमतीचा प्रश्न उरत नाही. त्याच्या जागी ताब्याचा प्रश्न येतो. शॉर्ट सेलशी खरे साम्य असलेला आपल्याकडचा मार्ग वेगळा आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय?

माझ्या मते संपूर्ण जाहिरातीतले हेच दोन शब्द सर्वांत आधी वाचावेत आणि राखीव किंमत त्यानंतर पाहावी. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याने दारावर नोटीस चिकटवली, तिचे छायाचित्र काढले, वर्तमानपत्रात छापली आणि तो परत गेला. घरात कर्जदाराचे कुटुंब पूर्वीसारखेच राहत असते. प्रत्यक्ष ताबा म्हणजे घर रिकामे आहे, त्याला बँकेचे कुलूप आहे आणि किल्ली शाखेत किंवा वसुली विभागात आहे.

दोन्ही प्रकारांची घरे एकाच यादीत, एकाच नमुन्यात, शेजारीशेजारी छापलेली असतात. सांकेतिक ताब्यातले घर सहसा स्वस्त असते, आणि नवखा खरेदीदार त्याकडेच खेचला जातो. त्याला मिळणारी सूट घराच्या अवस्थेची नसते. घर रिकामे करून घेण्याचे जे काम बँकेने केलेले नाही, त्याची ती असते. तेवढा काळ ज्याला घरभाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरता येणार नाहीत, त्याने सांकेतिक ताब्यातल्या मालमत्तेच्या वाटेला जाऊ नये, असे मी कोणालाही स्पष्टच सांगतो.

प्रत्यक्ष ताबा मिळायला किती दिवस लागतात?

कायद्यात दिवस लिहिलेले आहेत. बँक कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, मुंबईत मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, अर्ज करते. सोबत नऊ मुद्द्यांचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. आदेश ३० दिवसांत व्हावा आणि कारणे नोंदवून ती मुदत एकूण ६० दिवसांपर्यंत वाढवता यावी, अशी तरतूद आहे. परंतु ही मुदत पाळली गेली नाही म्हणून दंडाधिकाऱ्यांचा अधिकार संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे ६० दिवस उलटले तरी खरेदीदाराला स्मरणपत्रे लिहीत राहण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

आमच्या बाबतीत पूर्ण रक्कम फेब्रुवारीत भरली गेली आणि कलम १४ चा आदेश जुलैमध्ये झाला. आदेश झाला म्हणजे काम झाले, असे मला तेव्हा वाटले होते. पण आदेश तहसील कार्यालयात जातो, तिथे मंडळ अधिकाऱ्याच्या नावे पत्र निघते, ते पत्र पोलीस ठाण्यात जाते आणि पोलीस बंदोबस्त उपलब्ध झाल्यावरच तारीख ठरते. आमची पहिली तारीख गणेशोत्सवाच्या बंदोबस्तामुळे गेली, दुसरी निवडणुकीच्या कामामुळे, आणि तिसऱ्या तारखेला सगळे आले पण महिला पोलीस आल्या नाहीत. घरात कर्जदाराची आई होती, म्हणून पथक जिन्यावरूनच परतले. तहसील कार्यालयातल्या लिपिकाने दर वेळी एकच वाक्य ऐकवले, “बंदोबस्त मिळाला की कळवतो.” चौथ्या तारखेला, जानेवारीत, पंचनामा झाला.

मुंबईत हे काम बरेचदा न्यायालयाने नेमलेल्या वकील-आयुक्तांमार्फत होते. अशी नेमणूक वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले आहे, आणि त्यामुळे तिथे निदान एका पायरीवरची रांग कमी झाली आहे.

एक गोष्ट मात्र खरेदीदाराच्या बाजूची आहे. विक्री झाल्यानंतरही बँक कलम १४ खाली अर्ज करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. “आता घर तुमचे, ताब्याचे तुम्ही बघा,” असे शाखेतून सांगितले गेल्यास हे तोंडी न बोलता लेखी पत्रात मांडावे. पत्राला उत्तर द्यावे लागते.

लिलावापूर्वी घर आतून पाहता येते का?

प्रत्यक्ष ताब्यातले घर पाहता येते. जाहिरातीत पाहणीची तारीख आणि वेळ दिलेली असते. सांकेतिक ताब्यातले घर बाहेरूनच पाहावे लागते. तरीही जाऊन यावे, आणि एकदा नव्हे तर दोनदा, त्यातले एकदा संध्याकाळी. विजेच्या मीटरच्या खोलीत त्या सदनिकेचे मीटर जागेवर आहे की काढून नेलेले आहे, ते पाहावे. पहारेकऱ्याशी बोलावे. शक्य असेल तर त्याच इमारतीतली वरची किंवा खालची सदनिका आतून पाहून घ्यावी, म्हणजे मांडणी तरी कळते.

घराच्या अंतर्गत अवस्थेविषयी मनात फार अपेक्षा ठेवू नयेत. जाणारे लोक नेता येईल ते घेऊन जातात. आम्हाला घर मिळाले तेव्हा नळ, गीझर, पंखे आणि स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या ट्रॉल्या काढून नेलेल्या होत्या. सिंक जागेवर होते, पण त्याचा पाइप नव्हता.

‘जे आहे जेथे आहे, जसे आहे तसे’ या अटीमुळे कोणती देणी खरेदीदाराच्या गळ्यात पडतात?

ही अट प्रत्येक जाहिरातीत असते आणि तिचा साधा अर्थ असा की जे बँकेला माहीत नाही, त्याची जबाबदारी बँक घेत नाही. माहीत असलेले बोजे जाहिरातीत नमूद करणे तिच्यावर बंधनकारक आहे. पण वसुली विभागाने सोसायटीच्या कार्यालयात जाऊन थकबाकी विचारली असेल, अशी आशा बाळगू नये. ‘बँकेस ज्ञात बोजा : निरंक’ हे वाक्य ‘बोजा नाही’ या वाक्यापेक्षा फार वेगळे आहे.

सर्वांत मोठे देणे बहुधा सोसायटीचे असते. ज्याने बँकेचा हप्ता थकवला, त्याने देखभाल शुल्क नियमित भरले असण्याची शक्यता कमीच. आमच्या सोसायटीच्या सचिवांनी लांबलचक खतावणी काढून टेबलावर ठेवली, पानाच्या कडेला पेन्सिलीने मारलेल्या खुणा दाखवल्या आणि बेरीज वाचून दाखवली : दरमहा २,४०० रुपयांप्रमाणे ४१ महिन्यांचे देखभाल शुल्क, त्यावरचे व्याज, आणि मधल्या काळात झालेल्या इमारतदुरुस्तीची ६०,००० रुपये वर्गणी, मिळून १ लाख ९३ हजारांच्या पुढे. ही देणी आधीच्या सदस्याची आहेत, असा कायदेशीर वाद घालता येतो. परंतु तो वाद चालू असताना सदस्यत्वाचा अर्ज पडून राहतो, म्हणून जवळजवळ सगळेच शेवटी रक्कम भरतात. व्याजात सवलत मागता येते. समितीने आमचे निम्मे व्याज सोडले. हे सगळे बोली लावण्यापूर्वी सोसायटीत जाऊन विचारता आले असते, आणि मी ते विचारले नव्हते.

मालमत्ता कराची थकबाकी महापालिकेच्या संकेतस्थळावर मालमत्ता क्रमांक टाकून पाहता येते. हा कर माणसाच्या मागे जात नाही, मालमत्तेवरच राहतो, म्हणून तो भरावाच लागतो. विजेच्या थकबाकीविषयी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये दिलेला निकाल खरेदीदाराला फारसा अनुकूल नाही : वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर जुनी थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी न देण्याची अट वितरण कंपनी घालू शकते, आणि ‘जे आहे जसे आहे’ तत्त्वावर घेणाऱ्याने ती चौकशी आधीच करायला हवी होती, असे त्या निकालाचे सूत्र आहे.

कर्जदार व्यापारी असेल तर विक्रीकर किंवा जीएसटी खात्याचा बोजा निघण्याची भीती असते. या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेला निकाल उपयोगी पडतो. बँकेने आपले तारण ‘सरसाय’ या केंद्रीय नोंदवहीत नोंदवले असेल तर बँकेचे देणे करखात्याच्या देण्याच्या आधी येते. म्हणून सरसायच्या संकेतस्थळावर नाममात्र शुल्क भरून त्या सदनिकेचा शोध घ्यावा. तिथे कधीकधी दुसऱ्याच एखाद्या वित्तसंस्थेची नोंद सापडते, आणि एकाच सदनिकेवर दोघांकडून कर्ज उचलल्याचे लिलावापूर्वीच समजते.

बँकेकडून कोणती कागदपत्रे मागावीत?

मूळ बिल्डरपासूनचे सर्व साखळी करार, प्रत्येक कराराची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातील नोंदीचा उतारा, ‘इंडेक्स टू’), सोसायटीचे भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) बँकेकडे आहे की नाही याची माहिती, कलम १३(२) ची नोटीस, ताब्याची नोटीस, वर्तमानपत्रांतील कात्रणे, कलम १४ चा आदेश झाला असल्यास त्याची प्रत, आणि डीआरटीत अर्ज प्रलंबित आहे का, याचे लेखी उत्तर. बँका छायाप्रती द्यायला कुरकुर करतात, वाचायला मात्र देतात. वकिलाला घेऊन शाखेत बसावे आणि नोटिसांच्या तारखा जुळवून पाहाव्यात. लिलाव पुढे रद्द होतात ते बहुतेकदा या तारखांच्या चुकांमुळे.

पैसे कधी आणि किती भरावे लागतात?

लिलाव ऑनलाइन होतो. सरकारी बँकांच्या मालमत्ता ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर एकत्र पाहता येतात. आधी बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी, भरावी लागते. ती सहसा राखीव किमतीच्या १० टक्के असते. बोली जिंकली तर त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, बयाणा धरून, एकूण बोलीच्या २५ टक्के भरावे लागतात. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत भरावे लागतात; लेखी संमतीने ही मुदत वाढू शकते, पण तीन महिन्यांच्या पुढे नाही.

उदाहरणार्थ, राखीव किंमत ४० लाख असेल तर बयाणा ४ लाख होतो. ४४ लाखांना बोली सुटली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणखी ७ लाख, आणि पंधरवड्यात ३३ लाख. सुट्ट्या मध्ये आल्या, आरटीजीएसची मर्यादा आडवी आली, मुदतठेव मोडायला शाखेने दोन दिवस लावले, यातले कोणतेही कारण नियमांत बसत नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, आणि त्यासाठी कोणाचा पॅन वापरायचा हे प्राधिकृत अधिकाऱ्याकडून आधीच लेखी घ्यावे. थकबाकीदाराचा पॅन पैसे भरण्याच्या आदल्या रात्री शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

लिलावातल्या घरासाठी गृहकर्ज मिळते का?

मिळते, परंतु वेळेत मिळेल याची खात्री नसते. कर्ज देणारी बँक मूल्यांकन करते, वकिलाचा शोध अहवाल मागवते, आणि ताबा सांकेतिक असल्याचे पाहिले की अनेकदा तिथेच थांबते. लिलाव करणाऱ्या बँकेलाच कर्ज मागितल्यास कागदपत्रे तिच्याकडे असल्यामुळे थोडे सोपे जाते, पण त्याच बँकेचा वसुली विभाग आणि कर्ज विभाग एकमेकांशी बोलतातच असे नाही. तत्त्वतः मंजुरीचे पत्र बोलीच्या आधी हातात असावे, आणि तरीही पर्यायी रकमेची सोय मनाशी केलेली असावी.

उरलेली रक्कम भरता आली नाही तर?

भरलेले २५ टक्के जप्त होतात. बयाण्याएवढीच रक्कम जाईल, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०२४ रोजी संपूर्ण २५ टक्क्यांची जप्ती योग्य ठरवली. वरच्या उदाहरणात हे ११ लाख रुपये झाले.

बोली जिंकल्यावर कर्जदाराने सगळे पैसे भरायची तयारी दाखवली तर घर जाते का?

पूर्वी जात असे. कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) खालचा तारण सोडवण्याचा हक्क जाहीर लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो. मुंबईतल्याच बाफना मोटर्सच्या प्रकरणात लिलाव पार पडून खरेदीदाराने पैसे भरल्यानंतरही उच्च न्यायालयाने कर्जदाराला पैसे भरून तारण सोडवू दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी तो आदेश फिरवला आणि खरेदीदाराची बाजू उचलून धरली.

याचा अर्थ धोका संपला, असा नाही. बँकेच्या कारवाईत दोष आहे म्हणून कर्जदार कलम १७ खाली ४५ दिवसांत डीआरटीकडे जाऊ शकतो, आणि नोटीस, ताबा, विक्री अशा प्रत्येक टप्प्याला तो नव्याने आव्हान देतो. कर्जदाराला ३० दिवसांची विक्री-सूचना मिळाली नव्हती किंवा मूल्यांकन जुने होते, अशा मुद्द्यांवर विक्री रद्दही होते. मग पैसे परत मिळतात, पण त्यावर व्याज मिळेल की नाही हे आदेशावर अवलंबून असते, आणि बँकेच्या अटींत व्याज न देण्याचे कलम बहुधा आधीच छापलेले असते. जाहिरात आल्यावर कर्जदाराच्या नावाने डीआरटीच्या संकेतस्थळावर प्रकरण शोधणे हे दहा मिनिटांचे काम आहे आणि ते न करणारे लोक मला आजही भेटतात.

घरात भाडेकरू असेल तर?

मुंबईत हा प्रश्न इतका जुना आहे की याविषयीचे सर्वोच्च न्यायालयाचे महत्त्वाचे निकाल इथल्याच प्रकरणांतून आले आहेत. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या खऱ्या भाडेकरूला सरफेसी कायद्याच्या बळावर बाहेर काढता येत नाही, असे २०१६ मध्ये ठरले. २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला मर्यादा घातल्या आणि नोंदणीकृत कागद नसलेल्या, ऐनवेळी उभ्या केलेल्या भाडेकरूंचा मार्ग अरुंद केला. अकरा महिन्यांच्या लिव्ह-अँड-लायसन्सवाल्याऐवजी पागडीचा भाडेकरू निघाला तर सरळ माघार घ्यावी, असा माझा सल्ला आहे.

विक्री प्रमाणपत्राची नोंदणी आणि मुद्रांक शुल्क यांचे काय?

पूर्ण रक्कम भरल्यावर प्राधिकृत अधिकारी विहित नमुन्यात विक्री प्रमाणपत्र देतो. मालकी त्यानेच मिळते, वेगळा करारनामा होत नाही. नोंदणी कायद्याच्या कलम ८९(४) खाली प्रमाणपत्राची प्रत दुय्यम निबंधकाकडे पाठवली तरी पुरते, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतलेली आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्रात सोसायटी, पुढचा खरेदीदार आणि पुढची कर्ज देणारी बँक हे सगळे सूची क्रमांक दोन मागतात, म्हणून प्रमाणपत्र मुद्रांकित करून रीतसर नोंदवून घेणेच बरे. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, पुण्यात आणि ठाण्यात ७ टक्के आहे, घर महिलेच्या नावे असेल तर एक टक्का सवलत आहे, आणि नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल ३०,००० रुपये. शुल्क लिलावाच्या किमतीवर लागेल की रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या, यावर दुय्यम निबंधक कार्यालयात वाद होतो. हिशेब मांडताना जी रक्कम मोठी ती धरावी.

सोसायटीने सदस्यत्व नाकारले तर?

थकबाकी भरलेली असेल आणि अर्ज पूर्ण असेल तर लिलावात घर घेतले एवढ्या कारणावरून सदस्यत्व नाकारता येत नाही. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) २५,००० रुपयांच्या पुढे घेता येत नाही. ‘इमारत निधीला स्वेच्छा देणगी’ या नावाने जादा रक्कम मागितली गेली तर ती मागणी लेखी द्या, असे म्हणावे. लेखी सहसा कोणी देत नाही. तरीही अर्ज अडकला तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे दाद मागता येते.

सहकारी बँका आणि पतसंस्था यांचे लिलावही असेच असतात का?

सहकारी बँकांचे असतात. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी सहकारी बँकांना सरफेसी कायदा वापरता येतो, यावर शिक्कामोर्तब केले. पतसंस्थांची वसुली मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली, वसुली दाखला आणि नियम १०७ यांच्या वाटेने चालते. तिथले टप्पे, मुदती आणि अपिलाची ठिकाणे वेगळी आहेत, त्यामुळे वर दिलेले आकडे तिकडे लावू नयेत.

लिलावाची वाट न पाहता कर्जदाराकडूनच घर घेता येते का?

येते, आणि अमेरिकेतल्या शॉर्ट सेलशी साम्य असलेला आपल्याकडचा मार्ग हाच. कर्जदार बँकेशी एकरकमी तडजोड करतो, म्हणजे ‘ओटीएस’ मंजूर करून घेतो, आणि खरेदीदाराच्या पैशातून ती रक्कम भरतो. कलम १३(२) ची नोटीस निघाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय कर्जदाराला तारण विकता येत नाही, ही यातली पहिली अट. त्यामुळे कर्जदार कितीही गळ घालो, त्याच्या खात्यात एक रुपयाही देऊ नये. पैसे थेट कर्जखात्यात आणि तेही तडजोडीच्या मंजुरीपत्राचा क्रमांक लिहून भरावेत.

रखडपट्टी इथेही आहे. शाखा प्रस्ताव पाठवते, विभागीय कार्यालय रक्कम वाढवून मागते, तोवर अधिकाऱ्याची बदली होते आणि नवा अधिकारी पहिल्यापासून फाइल वाचतो. मंजुरी येते तेव्हा तिची मुदत थोडी असते आणि खरेदीदार गृहकर्जाच्या रांगेत उभा असतो. तरीसुद्धा घरात राहणारा माणूस स्वतःहून किल्ली देणार असेल तर मी लिलावापेक्षा हा मार्ग पसंत करेन, चार-पाच लाख जास्त गेले तरी.

ताबा घेताना घरात कर्जदाराचे सामान असेल तर त्याचे काय करायचे?

खरेदीदाराने त्याला हात लावू नये. पंचनाम्यात सामानाची यादी होते, दोन पंच सह्या करतात, आणि ते सामान कर्जदाराच्या हवाली करणे किंवा सुरक्षित ठेवणे हे बँकेचे काम आहे. यादी पूर्ण होईपर्यंत तिथे उभे राहावे आणि तिची प्रत मागून घ्यावी. ‘किरकोळ सामान’ अशा एका शब्दात यादी उरकू देऊ नये, कारण सहा महिन्यांनी सोन्याची बांगडी हरवल्याचा अर्ज आला तर हाच कागद उपयोगी पडतो. आमच्या पंचनाम्याला दोन तास लागले. कुलूपवाल्याने नवे कुलूप बसवले, देव्हारा आणि दोन पत्र्याच्या पेट्या कर्जदाराच्या भावाने त्याच दिवशी टेम्पोतून नेल्या, आणि यादीतली शेवटची नोंद मंडळ अधिकाऱ्याने माळ्याकडे पाहत सांगितली : “जुन्या दिनदर्शिका, नग नऊ.” त्या सगळ्या लिलाव करणाऱ्या बँकेच्याच होत्या.